सुपरमॅन मुकुटबनला वाढला असता तर

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या कित्येक गावांत माणसं अंगणात, गच्चीवर उभी राहून आभाळाकडे बघत होती. एक जळती रेघ आकाश कापत चालली होती आणि वाटेत तिचे तुकडे होत होते. त्यातली धातूची एक मोठी कडी चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात, मोकळ्या जागेत येऊन पडली. सिंदेवाही तालुक्यातलं हे गाव. कडीचा व्यास सुमारे तीन मीटर होता. जवळच्या शिवारात धातूचा गोळाही सापडला. पोलिसांनी कडी ताब्यात घेऊन ठाण्यात नेली. एका चिनी रॉकेटचे हे अवशेष असावेत, असं अंतराळ-अभ्यासकांनी सांगितलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

आकाशातून यान पडतं, शेतकऱ्यांच्या मुलखात पडतं आणि त्याचं काय करायचं हे साध्या माणसांना ठरवावं लागतं. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध सुपरहिरोची गोष्ट इथूनच सुरू होते. 1938 साली अमेरिकेत ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. त्यात सुपरमॅनची जन्मकथा एका पानात उरकली होती. नष्ट होणाऱ्या ग्रहावरचा एक शास्त्रज्ञ आपलं तान्हं मूल यानात ठेवून पृथ्वीकडे पाठवतो, रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला ते सापडतं आणि तो मुलाला अनाथाश्रमात पोचवतो. त्या पानावर वाढवणारे आईबाप नाहीत, शेत नाही, गावही नाही. पुढच्या वर्षी त्याला वाढवणारं केंट दांपत्य आलं. 1949 मध्ये गावाला स्मॉलव्हिल हे नाव मिळालं, आणि 1978 च्या चित्रपटाने गहू पिकवणारं कॅन्सस राज्य लोकांच्या मनात पक्कं केलं. म्हणजे या नायकाला शक्ती पहिल्या दिवसापासून होती, गाव मात्र कथाकारांनी नंतर कमावलं. आणि गाव मिळाल्यावरच तो माणूस झाला. रॉकेटात बसून आलेलं मूल भलं का वागतं, या प्रश्नाला ‘त्याला कुणी वाढवलं’ याखेरीज दुसरं पटणारं उत्तर नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनमधून ही गोष्ट वाचली तर वेगळीच दिसते. दक्षिणेला पैनगंगा, तिच्यापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. या पट्ट्यात वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडते. रानात कपाशी आणि तूर. जमिनीखाली कोळसा, चुनखडी आणि डोलोमाइट. वणीच्या बाजूला घोन्सा, उकणी, निलजई अशा कोळशाच्या उघड्या खाणी. 2022 मध्ये मुकुटबनला वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. कापूस, कोळसा आणि सिमेंट या तिन्हींवर उभ्या असलेल्या गावात एखादं विलक्षण मूल वाढलं तर त्याला कुणाचा राग येईल आणि कुणाची कणव येईल? सुपरहिरोच्या कथा वास्तवाच्या जमिनीवर नव्याने मांडणाऱ्यांनी असेच प्रश्न विचारले आहेत.

या प्रकारातलं एक अतिशय प्रामाणिक पुस्तक म्हणजे ‘सुपरमॅन: सीक्रेट आयडेंटिटी’. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार स्टुअर्ट इमोनेन. 2004 मध्ये ते चार भागांत आलं. इथलं जग आपलंच आहे. या जगात सुपरमॅन हे एका कॉमिकमधलं पात्र आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात केंट आडनावाचं जोडपं मुलाचं नाव हौसेने क्लार्क ठेवतं, म्हणजे सुपरमॅनचंच माणसांतलं नाव. मग दर वाढदिवसाला सुपरमॅनची खेळणी, सुपरमॅनचे शर्ट, आणि शाळेत तीच ती चिडवाचिडवी. पोर त्या नावाला कंटाळून गेलेलं असतं. त्याला लेखक व्हायचंय, टंकयंत्रावर तो आपलं मन मोकळं करत असतो. आणि एके रात्री, एकटाच डोंगरात मुक्कामाला गेलेला असताना, तो खरोखर उडू लागतो.

इथून पुढे कथा कशी जाते ते बघण्यासारखं आहे. तो शत्रू शोधत फिरत नाही. आधी लपतो, मग पुरात अडकलेल्यांना वाचवतो, मग पुन्हा लपतो, कारण सरकारी यंत्रणेला त्याचा माग लागलेला असतो. ही शक्ती आपल्याला का मिळाली याचा पूर्ण उलगडा त्याला शेवटपर्यंत होत नाही. तो न्यूयॉर्कला जातो, नोकरी करतो. मित्र गंमत म्हणून त्याची गाठ लोइस नावाच्या, म्हणजे सुपरमॅनच्या प्रेयसीच्याच नावाच्या, मुलीशी घालून देतात. या लोइसचं आडनाव चौधरी आहे, ती भारतीय वंशाची आहे. विदर्भ-खानदेशच्या वाचकाला हे आडनाव अगदी शेजारचं वाटतं. पुढे लग्न, जुळ्या मुली, मग वय. म्हातारपणी त्याचं बळ हळूहळू ओसरतं आणि तो ते समजुतीने स्वीकारतो. पानापानांतून जाणवतं ते एवढंच, की या माणसाचं सगळं धैर्य आपलं घर सांभाळण्यात खर्ची पडलं आहे. सुपरहिरोच्या प्रकारात इतकी शांत, इतकी प्रौढ कथा क्वचित सापडते.

तरीही या सुंदर पुस्तकात एक जागा रिकामी राहते. क्लार्कला बायको मिळते, मुली मिळतात, पण त्याचं गाव पहिल्या भागानंतर मागे पडतं. गावात पोटापाण्याचं काय चालतं, कोण कुणाच्या शेतावर राबतं, हे वाचकाला फारसं कळत नाही. वास्तववादी म्हणवणाऱ्या बहुतेक पुनर्कथनांत हे घडतं. वास्तव म्हणजे नायकाच्या मनातली घालमेल, असं गृहीत धरलं जातं. माणसाच्या मनाइतकीच त्याची मजुरीही वास्तव असते, हे सुटून जातं.

आश्चर्य असं, की सुपरमॅनच्या मूळ निर्मात्यांना ते पक्कं ठाऊक होतं. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँड शहरातली, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली दोन पोरं. मंदीचे दिवस. जेरीच्या वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. 1932 मध्ये दुकानात चोरी होत असताना ते कोसळले आणि गेले. पुढच्याच वर्षी जेरीने ‘सुपरमॅन’ हे नाव पहिल्यांदा वापरलं, तेही एका खलनायकासाठी. नंतर त्याचा नायक झाला. 1938 मध्ये दोघांनी तेरा पानांची कथा आणि तिच्याबरोबर पात्राचे सगळे हक्क 130 डॉलरना विकले. त्या पात्रावर इतरांनी अफाट पैसा मिळवला. या दोघांना वर्षाला ठरावीक मानधन आणि कथेवर आपलं नाव परत मिळायला 1975 चा डिसेंबर उजाडावा लागला.

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा तिसरा अंक ऑगस्ट 1938 चा. त्यातली सुपरमॅनची कथा कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. ब्लेकली नावाच्या मालकाच्या खाणीत दरड कोसळते आणि एक स्थलांतरित मजूर आत अडकतो. सुपरमॅन त्याला बाहेर काढतो, पण तो कायमचा अधू झालेला असतो. बातमीदार क्लार्क केंट त्याला भेटतो. मजूर सांगतो, की खाण धोक्याची आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण तक्रार करणाऱ्याची नोकरी जाते. मालक म्हणतो, चूक मजुराचीच होती. मग सुपरमॅन खाणकामगाराच्या वेशात मालकाच्या बंगल्यावर पोचतो. तिथे मेजवानी रंगलेली असते. पाहुण्यांना हुक्की येते, की आजची मेजवानी खाणीतच करू. सगळे आत गेल्यावर सुपरमॅन वाट बंद करतो. मालक धोक्याची घंटा वाजवायला धावतो, तर ती बिघडलेली. आधाराचे खांब कुजके. रेशमी कपड्यांतली माणसं कुदळ-फावडी घेऊन खणायला लागतात आणि थोड्या वेळात थकून बसतात. मजूर काय सोसतो ते अंगावर आल्यावर मालक बदलतो. आपली खाण देशातली सर्वांत सुरक्षित खाण करण्याचं वचन तो देतो.

या कथेत परग्रहावरचा राक्षस नाही, शहर उद्ध्वस्त करणारं यंत्र नाही. निळ्या-लाल पोशाखात लोकांसमोर मिरवणंही नाही. नायक मजुराच्या कपड्यांत आहे आणि संकट म्हणजे एक बिघडलेली घंटा आहे. नंतरच्या काळात सुपरमॅनने ग्रह हलवले, काळ मागे फिरवला, पण त्याच्या सगळ्या पराक्रमांत हा सर्वांत मोठा मानायला हवा. कारण इथे त्याने शक्ती वापरली ती एका माणसाला दुसऱ्या माणसाचं दुखणं कळावं म्हणून.

भारतातल्या खाणकामगाराला अशी कथा काल्पनिक वाटणार नाही. 10 डिसेंबर 1954 ला छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरलं आणि 63 कामगार गेले. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. आणि नोव्हेंबर 1989 मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी घुसून 71 कामगार अडकले, तेव्हा जसवंतसिंग गिल नावाचा अभियंता पुढे आला. त्याने वरून भोक पाडून एका माणसापुरती पोलादी कुपी खाली सोडण्याची युक्ती काढली आणि पहिल्यांदा स्वतःच त्या कुपीत बसून खाली उतरला. सहा जण आधीच दगावले होते. उरलेले 65 जण एकेक करून वर आले आणि सर्वांत शेवटी गिल. जमिनीखाली उतरणारा हा सुपरमॅन आपल्या देशात होऊन गेला. त्याच्यावर हिंदी चित्रपट निघायला 2023 साल उजाडलं, आणि तोवर गिल हयात नव्हते.

मराठी मुलखाला प्रत्यक्ष भिडलेली सुपरहिरोची नवी जन्मकथा म्हणजे ‘स्पायडर-मॅन: इंडिया’. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी 2004 मध्ये ती आणली. 1962 मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी घडवलेला न्यूयॉर्कचा पीटर पार्कर इथे पवित्र प्रभाकर होतो. खेड्यातला गरीब मुलगा शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत येतो. धोतरामुळे पोरं त्याची टर उडवतात. मीरा जैन नावाची मुलगी तेवढी त्याच्याशी नीट बोलते. एक प्राचीन योगी त्याला कोळ्याची शक्ती देतो. संकटातल्या एका स्त्रीची हाक ऐकूनही पवित्र निघून जातो, आणि तिला वाचवायला धावलेले त्याचे काका भीम मारले जातात. इथून पुढे तो बदलतो.

कल्पना उत्तम होती. शहरात आलेल्या खेड्यातल्या मुलाला कपड्यांवरून, बोलण्यावरून हिणवलं जाणं हे महाराष्ट्रातलं रोजचं सत्य आहे. मुंबईला जाणारी नंदीग्राम एक्स्प्रेस वणीकडून आदिलाबादकडे जाते ती मुकुटबनच्या रुळांवरून. त्या गाडीतून आजवर किती पवित्र प्रभाकर गेले असतील! पण पुस्तक त्या मुलाच्या खेड्यात शिरतच नाही. त्याच्या घरी किती एकर होतं, पीक कशाचं होतं, शिष्यवृत्तीचा फॉर्म कुणी भरून दिला, काही कळत नाही. मूळ कथेतल्या किरणोत्सर्गी कोळ्याच्या जागी योगी आला, खलनायकाच्या जागी राक्षस आला, आणि भारतीयपण झालं असं समजलं गेलं. योगी आणि राक्षस तर कुठेही मिळतात. खेडं मिळवायला तिथे जावं लागतं. 2023 च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात पवित्र पुन्हा आला, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून रचलेल्या मुंबॅटन नावाच्या शहरात. तो चित्रपट मराठीतही डब झाला. देखणा, चपळ, हसरा पवित्र मराठी मुलांना आवडला आणि आवडायलाच हवा. पण आता तो पुरता शहरी झाला आहे. खेड्याचा शेवटचा धागाही तुटला.

त्याच्या कितीतरी आधी, 1976 मध्ये, मुंबईतून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सने एक अस्सल देशी नायक दिला होता. 1964 पासून इंद्रजालच्या अंकांतून वेताळ आणि जादूगार मँड्रेक घरोघरी पोचले होते. त्यांच्या रांगेत आबिद सुरती यांनी बहादूर आणून उभा केला. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर एका डाकूचा मुलगा. बाप पोलिस अधिकाऱ्याच्या हातून मारला जातो आणि तोच अधिकारी पोरक्या मुलाला वाढवतो. मोठा झाल्यावर मुलगा सूड घ्यायला निघतो, पण बापाने काय केलं होतं हे कळल्यावर हत्यार खाली ठेवतो आणि गावाच्या रक्षणासाठी नागरिकांचं दल उभं करतो. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. उडणं नाही, अदृश्य होणं नाही.

ही जन्मकथा काळाच्या पोटातून आली होती. 1960 मध्ये चंबळच्या बागींनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली होती आणि 1972 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे. डाकूच्या मुलाचं पुढे काय होणार, हा त्या खोऱ्यातल्या शेकडो घरांपुढचा प्रश्न होता. सुरतींनी तो उचलला. मूल कुणाच्या पोटी जन्मलं याहून कुणाच्या हाती पडलं हे मोठं, ही सुपरमॅनच्या कथेची गाभ्याची गोष्ट. तीच बहादूरमध्ये सापडते, आणि तिला कुठल्याही ग्रहाची गरज पडत नाही.

सुरतींबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. 2007 मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने मीरा रोडला एक काम सुरू केलं. रविवारी सकाळी एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती सोबत घेऊन दारोदार जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. ‘ड्रॉप डेड’ हे त्या संस्थेचं नाव. नायक कागदावर उभा करणारा लेखक म्हातारपणी स्वतः पिशवी घेऊन जिने चढतो, यात त्याच्या सगळ्या लेखनाची साक्ष आहे.

आता मुकुटबनकडे वळू. कल्पना अशी, की खरिपाच्या दिवसांत, कपाशी कमरेच्या वर गेलेली असताना, एक यान रानात पडतं आणि ते सापडतं एका कोलाम जोडप्याला. कोलाम हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात आणि झरी-जामणीत असे पोड पुष्कळ आहेत. अमेरिकन कथेत केंट पती-पत्नी मुलाला घरी नेतात आणि गोष्ट पुढे सरकते. इथे वास्तव लगेच आड येतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सापडलेल्या मुलाची माहिती चोवीस तासांच्या आत यंत्रणेला द्यावी लागते. मूल बाल कल्याण समितीपुढे हजर होतं आणि दत्तक द्यायचं की नाही याची रीतसर प्रक्रिया चालते. म्हणजे पोडातल्या त्या बाईच्या कुशीत ते बाळ एक रात्र राहील. त्या एका रात्रीवर सबंध एक भाग लिहिता येईल. पुढे जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, जातीचा रकाना. ज्याची जात कुठल्याच ग्रहावर नोंदलेली नाही त्या मुलाच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न आपल्याकडचा लेखक सोडूच शकणार नाही.

आणि शक्तीचं काय? कॉमिकमध्ये विषारी द्रव्य अंगावर पडलं की बळ येतं. 1964 च्या ‘डेअरडेव्हिल’मध्ये किरणोत्सर्गी द्रव्याने मॅट मर्डॉकचे डोळे जातात, पण बाकीची इंद्रियं अलौकिक होतात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात काय झालं ते इथला प्रत्येक माणूस जाणतो. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. हवा दमट होती. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्यांच्या तोंडाशी, डोळ्यांशी औषध येत होतं आणि अंगात साधा शर्ट होता. शेकडो जणांना विषबाधा झाली, जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, कित्येकांना काही दिवस दिसेनासं झालं. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयाचे वॉर्ड त्यांनी भरून गेले. विष अंगावर पडून त्यांच्यातल्या कुणाला बळ आलं नाही. म्हणून या मुलखात लिहिली जाणारी जन्मकथा विषातून शक्ती काढू शकत नाही. तसं करणं गेलेल्या माणसांशी खोटं वागणं ठरेल. इथल्या नायकाला विष बाधत नसेल, तर कथेतला प्रश्न एकच असेल: गावातल्या सगळ्यांची फवारणी आपण एकट्याने करायची, की फवारणाऱ्या प्रत्येकाला मास्क, हातमोजे आणि चष्मा मिळेपर्यंत दुकानासमोर आणि कचेरीसमोर उभं राहायचं? 1938 च्या सुपरमॅनने दुसरा रस्ता धरला होता.

ब्युसिकच्या क्लार्कसारखाच इथला मुलगाही कॉमिक वाचलेला, चित्रपट पाहिलेला असेल. सुपरमॅन कोण हे त्याला मोबाइलवरून ठाऊक असेल. आपण कुणासारखे आहोत हे ओळखून तो हसेल आणि घाबरेलही. कोळशाच्या पट्ट्यात ब्लास्टिंगने भिंतींना तडे जातात, ट्रकच्या धुळीने कपाशीची पानं काळवंडतात, आणि त्याच खाणीवर, त्याच कारखान्यात अर्ध्या गावाची चूल चालते. त्यामुळे मालकाला धडा शिकवला आणि प्रश्न सुटला, असं त्याच्या बाबतीत होणार नाही. खाण बंद पडली तर मित्राच्या बापाची नोकरी जाईल, हे त्याला दिसेल. असा पेच अमेरिकेतल्या मोठमोठ्या लेखकांना सुचला नाही, कारण तो त्यांच्या दारात नव्हता. आपल्या दारात आहे.

मराठीत हे व्हायला काही आभाळ कोसळायला नको. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून आणि मुंबईच्या जे. जे.मधून दरवर्षी चित्रकार बाहेर पडतात. वऱ्हाडी बोलीत लिहिणारे कसदार लेखक आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून मुलांच्या हाती जातं आहे आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. सुपरमॅनची पहिली कथा तेरा पानांची होती. येत्या दिवाळीला एखाद्या संपादकाने तेवढी पानं यवतमाळ-चंद्रपूरकडच्या एखाद्या तरुण लेखक-चित्रकाराच्या जोडीला द्यावीत, नीट मानधन द्यावं, आणि पात्राचे हक्क त्या दोघांच्याच नावावर ठेवावेत.